मादाम तफीदाचा कोबीचा कुनाफा

आमच्या जिन्यात एकच कायदा पाळला जातो: शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही. जिन्यातला दिवा सहा-सहा महिने लागत नाही, तिसऱ्या पायरीचा तुकडा कधीचा निघालाय, त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. पण खालून रव्याची गोड बसबूसा आली आणि तुम्ही ताटली धुऊन नुसतीच पाठवलीत, तर वीस वर्षांनी तुमच्या मुलीच्या साखरपुड्यात ती गोष्ट निघते. कैरोच्या वाटेवरचं आमचं तंता गावच असं आहे. इथे माणसं गोडावर बोलतात, गोडावर रुसतात आणि गोडावरच जातात.

माझं शिवणाचं दुकान जिन्याच्या तोंडाशी आहे. कुणाची ताटली वर गेली, कुणाची खाली आली आणि रुमालाखाली काय होतं, हे मला मशीनवरून मान न उचलता कळतं. बेचाळीस वर्षं कळतंय. लोकांना वाटतं मी कपडे शिवतो.

तर तिसऱ्या मजल्यावरची मादाम तफीदा. ही चौतीस वर्षं रेशन कचेरीत होती. मोहल्ल्यात कुणाला साखर किती, तेल किती, तांदूळ किती, सगळं तिच्या निळ्या शिक्क्याखालून जायचं. त्या कचेरीची एक रीत होती. माल आला नाही तरी माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ‘त्याऐवजी’ काहीतरी द्यायचं. साखर संपली? मसूर घ्या. तेल नाही? साबण घ्या. तांदूळ नाही? मग अजून थोडा साबण घ्या. कार्डावर शिक्का पडला की सरकारच्या लेखी तुम्ही साखर खाल्लीत. एका रमजानात माझी बायको, अल्लाह तिच्यावर दया करो, साखर आणायला गेली आणि अकरा वड्या साबण घेऊन आली. तिने चौकात उभं राहून वर तोंड करून विचारलं, “मादाम, कुनाफ्यावर पाकाऐवजी काय ओतू? फेस?”

वरच्या खिडकीतून उत्तर आलं, “नोंद झालेली आहे.”

तफीदा निवृत्त झाली तेव्हा शिक्का कचेरीत राहिला आणि सवय घरी आली.

अलेक्झांड्रियाला राहणाऱ्या मुलीने तिला मोठा फोन घेऊन दिला. त्यात कैरोची कोणी शेफ जैलान म्हणून बाई रोज गोडाधोडाच्या कृती दाखवायची. लांब नखं, पांढरं स्वयंपाकघर आणि भांडी अशी चकचकीत, की त्यांत कधी काही शिजलं असेल यावर विश्वास बसू नये. तफीदाने तिची बसबूसा करून पाहिली. म्हणजे तिच्या पद्धतीने करून पाहिली. मग त्या कृतीच्या खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं:

“आपल्या कृतीप्रमाणे बसबूसा केली. रव्याऐवजी कोंडा, तुपाऐवजी दही, साखरेऐवजी खजूर भिजवलेलं पाणी घेतलं. खोबरं वगळलं. बसबूसा जमली नाही. कृती पुन्हा तपासावी. तफीदा, निवृत्त निरीक्षक, तंता.”

शेफ जैलानने बिचारीने उलट विचारलं, “मावशी, मग माझं त्यात उरलं काय?”

तफीदाने लिहिलं, “भट्टीचं तापमान. तेच चुकलं असावं.”

हे सगळं हौसेपुरतं चाललं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण रमजानच्या दोन महिने आधी, रजबमध्ये, तिच्या नवऱ्याच्या रक्तातली साखर तपासली, आणि हौसेचं मोहिमेत रूपांतर झालं.

नवऱ्याचं नाव वग्दी. कोर्टात पुकारा करायचा. न्यायाधीश आत आले की याने “कोर्ट!” म्हणून आरोळी ठोकायची, आणि खुनी, वकील, साक्षीदार, बाहेरचा चहावाला, सगळ्यांनी खाडकन उभं राहायचं. असा हा आवाज. आणि हा आवाज ज्या छातीतून निघायचा ती छाती सुई पाहिली की विरघळायची. मुलीला लस टोचायला नेलं तेव्हा नर्सने मुलीला टेबलावर ठेवून आधी याच्या तोंडावर पाणी मारलं होतं. मुलगी रडली नव्हती.

डॉक्टर रफअतने कागद बघितला आणि सांगितलं, “नऊ पूर्णांक चार. गोड बंद. ईद झाली की पुन्हा तपासू. सातच्या वर दिसला आकडा, तर रोज पोटात सुई. मग मला विनवण्या करायच्या नाहीत.”

वग्दी तिथून थेट माझ्या दुकानात येऊन बसला. पाणी प्याला, घाम पुसला आणि म्हणाला, “उस्ता शुक्री, पोटात. रोज. स्वतःच्या हाताने.”

“हाताने नाही, सुईने,” मी म्हणालो.

“तुला गंमत सुचते.”

तेवढ्यात मागून तफीदा आली. हातात डॉक्टरांचा कागद, चार घड्या घातलेला. “डॉक्टर म्हणतात गोड बंद. बंद करायला काय लागतं? दार कुणीही बंद करतं. मी याला गोड खायला घालूनच आकडा खाली आणते. जे नको ते काढायचं, त्याऐवजी दुसरं द्यायचं.”

वग्दीने माझ्याकडे पाहिलं. अकरा वड्या साबण आम्हा दोघांनाही आठवला.

दुसऱ्या दिवशी ती पेंड-कोंड्याच्या दुकानात गेली आणि पाच किलो गव्हाचा कोंडा मागितला. दुकानदाराने माप घेता घेता सहज विचारलं, “हाज्जा, बदकं किती आहेत?”

“एकच आहे,” तफीदा म्हणाली. “कोर्टातून निवृत्त झालंय.”

आता अडचण बघा. घरात गोड बंद करणं सोपं होतं. बाहेरून येणाऱ्या ताटल्यांचं काय करायचं? पहिल्या मजल्यावरची उम्म सफवत, नवरा गेल्यापासून तिला दोनच नाद: गच्चीवरची पाच बदकं आणि बसबूसा. तिच्या बसबूसेत तूप असं, की ताटलीवरचा रुमाल नंतर कंदील पेटवायला चालावा. दुसऱ्या मजल्यावरची मादाम नर्गिस चर्चला जाणारी, पण तिचा गोड दूधभात दर गुरुवारी सगळ्या जिन्यात वाटला जायचा. या दोघींना “पाठवू नका” म्हणणं म्हणजे “आजपासून आपण वैरी” म्हणणं. ते तफीदालाही जमणार नव्हतं. मग ताटली आली की ती घ्यायची, वग्दीच्या आधी हात घालून जमेल तेवढं लपवायचं, आणि कायद्याप्रमाणे ताटली भरून परत करायची. भरून म्हणजे, त्याऐवजीचं भरून.

पहिली ताटली उम्म सफवतला गेली. ती तशीच घेऊन माझ्याकडे आली.

“उस्ता, हे काय असेल?”

मी चष्मा लावून तुकडा उचलला. वाकवून पाहिला. वाकला नाही. “कोटाच्या खांद्यात घालायला छान आहे,” मी म्हटलं. “धुतला तरी आकार सोडायचा नाही.”

“तिने बसबूसा सांगितलं.”

“मग बसबूसा असेल. रेशन कचेरीतून आली असेल.”

उम्म सफवतने एक कोपरा तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि जिन्यातून कोणी येत नाहीसं पाहून उरलेलं ओढणीत बांधलं. “बदकांना घालते,” ती म्हणाली. “अन्न टाकू नये.”

तिकडे वग्दीने पहिल्या दिवशी खरोखर खाल्लं. ते मी त्याच्या बाजूने साक्षीला उभं राहून सांगेन. दुसऱ्या दिवसापासून त्याचा वाटा जाकिटाच्या आतल्या खिशातून माझ्या दुकानात यायला लागला. मी तो बटणांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो. संध्याकाळी उम्म सफवत वर गच्चीवर जाता जाता डबा न्यायची. तिघांनी कधी यावर चर्चा केली नाही. काही कामं अशी असतात की बोललं की गुन्हा होतो.

शाबान गेला आणि रमजान लागला. आता ज्याने आमचा रमजान पाहिलाय त्याला काय सांगायचं. रोजा सोडायच्या आधीच्या अर्ध्या तासात जिन्यातून इतक्या ताटल्या चढतात-उतरतात की माणूस आपल्या घरचं जेवण विसरून शेजारणींच्या रुमालाखाली डोकावत राहतो. साय भरून दुमडलेल्या छोट्या पोळ्यांचे कतायफ, पाकात न्हालेला कुनाफा, आक्रोड, बेदाणे. वग्दीचं तोंड सुटलं. सहा-सात घरांतून दोन-दोन तुकडे, तफीदाने लपवले तरी एखादा सापडतोच. पुकारा करणाऱ्याचं नाक होतं ते. कोण कुठे दडलंय हे त्याला आयुष्यभर शोधायला लागलेलं.

तफीदानेही कंबर कसली. शेफ जैलानचा कुनाफा तिने हाती घेतला. कुनाफ्याच्या शेवया मैद्याच्या, म्हणून त्या काढल्या. त्याऐवजी कोबी. केसासारखा बारीक चिरलेला, भट्टीत तांबूस केलेला, मध्ये साय काढून दह्याचा चक्का आणि वरून पाकाऐवजी लिंबाचं पाणी. दिसायला, खोटं कशाला बोलू, हुबेहूब कुनाफा. तिथेच घात झाला. बांग झाली, लोकांनी खजुराने रोजा सोडला आणि दिवसभराच्या उपासाने पहिला हात त्या कुनाफ्याला घातला.

पहिल्या मजल्यावरून उम्म सफवतचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला. “कोबी! कोबीत भात भरतात ग बाई, कोबीची मिठाई करत नाहीत!”

नंतर कतायफ आले, आत सायीऐवजी कुस्करलेले वाल. “पहाटे वाल खाऊन उपास धरायचा आणि संध्याकाळी वाल खाऊन सोडायचा,” मादाम नर्गिस मला म्हणाली, “म्हणजे मधला दिवस कशासाठी, उस्ता? आणि मी तर उपासही धरत नाही.”

“मग तुम्हाला फक्त शिक्षा,” मी म्हटलं.

यातून सुटायचं कसं? उम्म सफवतने डोकं लढवलं. तिने आपली ताटली पाठवणंच बंद केलं आणि बाजारात मिळतात तशा, खाऊन फेकायच्या चंदेरी कागदाच्या पातळ ताटलीत बसबूसा पाठवली. हिशेब साफ: ताटलीच नाही तर परत काय करणार? दुसऱ्या दिवशी तीच चंदेरी ताटली घासूनपुसून, ठोके काढून, दुप्पट भरून दारात हजर. “ताटली ती ताटलीच,” तफीदा म्हणाली. “मी कुणाचं ठेवून घेत नाही.”

त्यानंतर रमजानच्या दहाव्या दिवशी, जे आमच्या जिन्याच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. तिसऱ्या मजल्यावर एकही ताटली गेली नाही. दुसरा मजला चढून पावलं तिथेच थांबायची आणि उलटी फिरायची.

वग्दीची उपासमार तिथून सुरू झाली. खरी उपासमार, रोज्याची नव्हे. घरात कोंडा, बाहेर नाकाबंदी. तो एकदा उम्म सफवतला जिन्याच्या वळणावर गाठून म्हणाला, “एक कतायफ. उभ्या उभ्या खातो. तुम्हाला जन्नत मिळेल.”

तिला दया आली. तिने कागदात गुंडाळून दोन दिले. कागद याच्या खिशात राहिला. तफीदाने तो धुवायच्या कपड्यांत पकडला, पाकाचा डाग ओळखला, आणि दुसऱ्या दिवशी उम्म सफवतच्या दारात भरलेलं ताट घेऊन उभी. “तुम्ही वग्दीला आठवणीने दिलंत. मी कशी विसरेन?”

तेव्हापासून उम्म सफवतला वग्दी जिन्यात दिसला की ती भिंतीकडे तोंड करायची. “हाज्ज वग्दी, तुम्ही माझ्या भावासारखे आहात,” ती म्हणायची, “पण मला माझे दात हवेत.”

मग तो कोपऱ्यावरच्या हलवायाकडे गेला. तो हलवाई माझं जुनं गिऱ्हाईक, पोट सांभाळून उभा राहणारा माणूस. त्याने वग्दीला पाहिल्याबरोबर काचेचं दार ओढून घेतलं. “तुमचे पाय माझ्या डोक्यावर, हाज्ज. पण तुमच्या बाईसाहेब मागच्या शुक्रवारी नमुना घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, माझं काचेच्या कपाटात ठेवा, तूप कसं वगळायचं ते शिकवायला रोज येईन. मी त्यांना कशीबशी घालवलीय. तुम्ही इथून काही नेलंत आणि त्यांना वास लागला, तर त्या पुन्हा येतील. मला बायकामुलं आहेत.”

अशा रीतीने आख्ख्या गल्लीत त्या माणसाला कुणी गोडाचा कण देईना. प्रेमापोटी नाही, तब्येतीच्या काळजीने तर नाहीच. भीतीने.

आणि मला ते सगळ्यांच्या आधी समजलं, कारण मी शिंपी आहे. रमजानच्या विसाव्या दिवशी वग्दी करडी पँट घेऊन आला. “घसरते आहे,” म्हणाला. मी टेप लावली. चार बोटं. पन्नाशीनंतर पुरुषाची कंबर चार बोटं आत गेलेली मी दोनच वेळा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा नंतर कफन शिवलं होतं. पण याचा चेहरा तर उजळलेला. मी कमर आत घेतली आणि जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं. ते मी कधी कापत नाही. हा माझ्या धंद्याचा नियम आहे: रमजानात आत गेलेली कंबर ईदला बाहेर येते. कापड कापणारा शिंपी माणसांना ओळखत नसतो.

तेवढ्यात ईद आली, म्हणजे कहक आले. सगळ्या बायका पिठाचे गोळे नक्षी काढून ट्रेमध्ये मांडतात, ट्रे डोक्यावरून बेकरीत जातात, आणि भाजून येताना आख्खी गल्ली तुपाच्या वासाने झिंगते. ज्या घरात कहक होत नाहीत त्या घरात मयत झालंय असं समजतात. उम्म सफवत दोन दिवस विचारात पडली. शेवटी ती मला म्हणाली, “उस्ता, कतायफ नाही पाठवले, चाललं. पण ईदचे कहक पाठवले नाहीत, तर मी त्यांना जिवंतपणी पुरल्यासारखं होईल.” आणि तिने निळ्या काठाची आपली चांगली ताटली भरली. चोवीस कहक, वर पिठीसाखर अशी की खाली काय आहे ते दिसू नये.

ताटली नेमकी वग्दीच्या हातात पडली. तफीदा बेकरीत होती, आपल्या ओट्सच्या कहकांवर लक्ष ठेवून. वग्दी ताटली घेऊन माझ्या दुकानात शिरला आणि पडदा ओढला. गुडघ्यावर ताटली, नाकाच्या शेंड्यावर साखर. नुसता वास घेतानाच लागली होती.

“चाचणी कधी आहे?” मी विचारलं.

“चार दिवसांनी.” त्याने एक उचलला. “एकाने काय होतं?”

“एकाने काही होत नाही. पण तू एकावर थांबल्याचं मला तरी आठवत नाही.”

त्याने कहक नाकाशी नेला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “उस्ता, ती सुई किती मोठी असते रे?”

माझा स्वभाव वाईट आहे, हे मी मान्य करतो. मी टेबलाखालून गोणी शिवायचा दाभण काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

त्याने कहक ताटलीत परत ठेवला. बोटं झटकली, मिशी पुसली, आणि ज्या आवाजाने कोर्ट उठायचं त्याच्या शंभराव्या भागाने म्हणाला, “हे तू खा.” आणि गेला. चोवीस कहक मी आणि मादाम नर्गिसने संपवले. शेजाऱ्याच्या मदतीला धावणं हे कर्तव्यच आहे.

चार दिवसांनी रक्त काढताना वग्दीने एक आरोळी मारली. दवाखान्यातले सगळे रुग्ण उभे राहिले, त्यांत एक प्लास्टरवालाही होता, असं सांगतात. पण कागदावर आकडा आला: सहा पूर्णांक आठ.

डॉक्टर रफअतने तो दोनदा वाचला. “काय केलंत?”

तफीदाने पर्समधून वही काढली, कृतींची, प्रत्येक पानावर डावीकडे ‘मूळ’ आणि उजवीकडे ‘त्याऐवजी’ असे दोन रकाने. आणि एक डबा. डॉक्टरने तुकडा खाल्ला. मग दोन पेले पाणी प्याला. मग म्हणाला, “हे मला लिहून द्या. बाहेर बसणाऱ्यांसाठी भिंतीवर लावतो.” डॉक्टरांना बरे झालेले रुग्ण आवडतात; ते का बरे झाले, हे विचारायला त्यांना वेळ नसतो.

दुपारपर्यंत ही बातमी जिना चढून गच्चीवर गेली. आणि आमचे लोक. साखर कुणाला नाही? उम्म सफवतला आठ, मादाम नर्गिसच्या नवऱ्याला साडेआठ, हलवायाला तर मोजायची हिंमतच नव्हती. कालपर्यंत ज्यांनी तोंडं फिरवली ते आज म्हणायला लागले, “मला पहिल्यापासून वाटत होतं, त्या कोंड्यात काहीतरी आहे.” पण नुसतं मागायला कसं जायचं? म्हणून ताटल्या भरून जायला लागल्या. पुढच्या आठवडाभरात बारा ताटल्या तिसऱ्या मजल्यावर चढल्या. कहक, बसबूसा, पाक गळणारे कुनाफे. बदल्यात कोंड्याचा तुकडा मिळायचा, तो लोक डोळे मिटून गोळीसारखा गिळायचे आणि कडवट चव जावी म्हणून वर एक कहक खायचे. हलवायाने तर तीन मजली खोका पाठवला.

तफीदाला जिन्यात जागा पुरेना. ती मान वर करून चालायची, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं शिक्का मारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं, जणू कुणीतरी तिच्याच कार्डावर शिक्का मारला होता. अशा वेळी खरं सांगायचं कुणी? वग्दी सांगणार नव्हता. मीही नाही. वग्दी मात्र त्या बारा ताटल्यांच्या मधोमध बसला होता, आणि दहाव्या दिवशी पँट घेऊन आला.

“आवळते,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

एक बोट. पुढची चाचणी हजच्या महिन्यानंतर, मुहर्रममध्ये होती. हा वेग राहिला तर तोवर चार बोटं बाहेर आली असती, आणि त्यांच्या मागून सुई.

त्याच आठवड्यात तफीदा चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली. गेली ती लगेच खाली आली आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

“उस्ता, उम्म सफवतची बदकं मला पाहून धावत आली.”

मी मशीनला तेल घालायला घेतलं.

“माझ्या एप्रनचा खिसा ओढायला लागली. पाचही. एवढी लठ्ठ बदकं मी जन्मात पाहिली नाहीत. वग्दीच्या वाट्यात मी बडीशेप घालते. फक्त त्याच्या, त्याला आवडते म्हणून. एका बदकाला मी उचललं. त्याच्या चोचीला बडीशेपेचा वास येतो.”

तेल सांडत होतं. मी पुसलं.

“कधीपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून,” मी म्हणालो. “पहिल्या दिवशी त्याने खाल्लं होतं, मादाम. ते मी शपथेवर सांगतो.”

 मला वाटलं ती रडेल, किंवा वर जाऊन त्या माणसाला खिडकीतून खाली फेकेल. पण ती जुन्या माणसांसारखी बोटांवर दिवस मोजत होती. “मग आकडा कसा उतरला?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “तुमच्या ताटल्यांना घाबरून लोकांनी पाठवणं बंद केलं. हलवायाने दार लावलं. दोन कतायफ सोडले तर वीस दिवस त्याला गोडाचा कण मिळाला नाही. औषध तुमचंच, मादाम. फक्त ते त्याने खायचं नव्हतं. शेजाऱ्यांनी खायचं होतं.”

तिने समोरची करडी पँट हातात घेतली. मग म्हणाली, “म्हणजे माल कार्डधारकापर्यंत पोहोचलाच नाही.”

“नाही.”

“पण शिक्का पडला.”

“पडला, मादाम. सहा पूर्णांक आठ.”

“ही पँट त्याची?”

“एक बोट वाढलाय.”

ती उठली. दारात वळून म्हणाली, “त्याला सांगू नका की मला कळलंय. घाबरून माझ्यासमोर खायला लागेल, आणि दात तुटेल.”

दुसऱ्या दिवशी बारा ताटल्या खाली उतरल्या. तफीदा जातीने प्रत्येक दारात. या वेळी कोंडा, वाल आणि कोबी, तिन्ही एकत्र. खजूरही काढून टाकला होता, त्याऐवजी दुधी. आणि आता नुसती ताटली ठेवून जाणं नाही. “खा,” ती म्हणायची. “मी थांबते. चाळीस दिवस रोज आणणार, आणि चाळीस दिवस घरात साखर शिजवायची नाही, नाहीतर गुण येत नाही.” उम्म सफवत दारात उभी राहून चावत होती आणि जिन्यातून मी ऐकत होतो. मादाम नर्गिसच्या नवऱ्याने आतून आवाज दिला की तो झोपलाय. हलवायाने त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर जाणारा जिना पुन्हा मोकळा झाला, एकही ताटली वर जाईना. तेव्हापासून मोकळाच आहे.

वग्दीचा वाटा अजूनही त्याच्या आतल्या खिशातून माझ्याकडे येतो. त्याला वाटतं आपण बायकोला फसवतो. पूर्वी ती चार तुकडे करायची, आता पाच करते, सारख्या आकाराचे. “आज एक जास्तच कसा?” असं तो मला विचारतो, आणि मी म्हणतो, तुझ्यावर जीव आहे तिचा. हे खोटं नाही. शेफ जैलानच्या बसबूसेखाली तिने नव्याने लिहिलंय: “सुधारित कृती यशस्वी. लाभार्थी पाच. तक्रार नाही.” शेफ जैलानने त्यावर लाल बदाम लावला.

मुहर्रममध्ये आकडा सहा पूर्णांक पाच आला. त्या दिवशी तफीदा करडी पँट घेऊन माझ्याकडे आली. तिने कमर उलटी करून आतलं दुमडलेलं कापड दाखवलं.

“हे काय?”

“ते राहू द्या. लागतं पुढे.”

“कापा.”

“मादाम, बेचाळीस वर्षांत मी कुणाचं कापलं नाही.”

“माझ्यासमोर कापा.” ती स्टुलावर बसली. मी कात्री घेतली. दोन्ही बाजूंचे दोन-दोन बोटांचे करडे तुकडे टेबलावर पडले. तिने ते पाहिले, आणि ओढणीखालून ताटली काढून माझ्यासमोर ठेवली. रुमाल उचलला. आजवर मी सगळ्या जिन्याची गंमत पाहिली होती, पण बायको गेल्यापासून माझ्या वाटेला ताटली कधी आली नव्हती. विधुराच्या घरातून परत काय येणार, म्हणून कुणी पाठवायचं नाही.

“खा,” ती म्हणाली. “मी थांबते.”

मी खाल्लं. काय होतं ते विचारू नका. चावायला वेळ लागला, आणि ती थांबली. मग ताटली रिकामी झाली. कायदा सगळ्यांनाच सारखा. मी इकडेतिकडे पाहिलं, दुकानात देण्यासारखं काही नव्हतं. शेवटी मी ते दोन करडे तुकडे नीट घडी करून ताटलीत ठेवले आणि वर तिचा रुमाल झाकला.

तिने रुमाल उचलून एकदा पाहिलं, पुन्हा झाकलं, आणि ताटली दोन्ही हातांनी धरून जिना चढायला लागली. निघालेल्या तिसऱ्या पायरीवर तिने नेहमीपेक्षा जपून पाय टाकला.